स्पीकर गप्प झाल्यावर

ता. १४, सोमवार

भिंगरे,

वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. माझे गुडघे रोजच्यासारखे कुरकुरतात, बाकी बरं. फोन केला असता, पण तुझी आई पलीकडच्या खोलीत असली तरी सगळं ऐकते. म्हणून लिहितेय. शाळेचं तोंड थोडंच पाहिलंय मी, चुका काढत बसू नकोस.

तुझ्या बापाचा तो स्पीकर बिघडला नव्हताच. मागे तुझी आई बाहेर गेली असताना फोनवर तुला म्हटलं, सकाळी आपोआप गातो, तर तू हसलीस. "आजी, भूत नाही, अलार्म आहे. वेळ झाली की खाचेत बसवलेल्या प्लेअरमधलं बाबांचं गाणं लागतं." मला ठाऊक नव्हतं होय? तो पहिल्या पाळीला जायचा तेव्हापासून ऐकतेय. माणूस गेला, पाळी गेली, पण त्या ठोकळ्याला कोण सांगणार?

अडचण वेगळीच होती. गाणं लागलं की तुझी आई अर्धवट झोपेत उठायची, त्याचा डबा भरायची, दारापर्यंत जायची. तिथे तिला आठवायचं. मग डबा हातात धरून तशीच उभी. रोज. मला बघवेना.

म्हणून तो बंद करायला तू सांगितलंस तसं करत गेले. बटणं दाबली, थोडं थांबून पुन्हा गायला लागला, तुझ्या बापासारखाच हेकट. प्लेअर उपटून कपाटात टाकला, तर नुसताच पीं पीं करून कोकलला. प्लग काढला, तरी तेच. शेवटी उलटा केला, बुडाचं झाकण सुरीने उचकटलं. आत गोळीएवढा सेल. तो काढला. मेला गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी तुझी आई उठलीच नाही.

डोळे उघडे, नजर छताला. "अगं, बरं नाही का?" म्हटलं, तर म्हणाली, "आज हाकच आली नाही, आई."

घाईघाईने सेल बसवला, प्लग लावला, खाचेतल्या पिना कोरड्या ब्रशने पुसून प्लेअर रोवला. पण घड्याळात नुसती शून्यं लुकलुकतात. त्याने ठरवून लावलेली वेळ होती ती. सेलबरोबर तीही गेली.

मग मीच पहाटे उठून गाणं लावलं. आतून तुझ्या आईचा आवाज आला, "हे तुम्ही लावलंत. चपला ऐकल्या मी तुमच्या." आणि कूस बदलली.

तेव्हापासून दोन घास पोटात गेले तर गेले.

आता तू ये. कोणती बटणं, नेमकी कितीची वेळ, मला ठाऊक नाही. पाचाच्या पुढे काहीतरी विचित्र मिनिटं लावायचा तो, आणि त्याच्या मांडीवर बसून ती तू दाबायचीस. ते गाणं ऐकवत नाही म्हणून तू घरी येत नाहीस, हे मला कळतं. मलाही कुठे ऐकवतंय? रडायचं असेल तर बसमध्ये रडून ये. तिच्या नकळत वेळ लाव, आणि सकाळी दाराशी थांब. ती डबा घेऊन येईल. यावेळी तो घ्यायला कुणीतरी असू दे.

चपला हातात घेऊन घरभर अनवाणी फिरणारी,
तुझी आजी