येतो म्हणणारा लॅपटॉप

डोंबिवली,
फेब्रुवारी १९९९

प्रिय दौलत,

परवा तुझ्या आईला रविवारी येते म्हणून सांगून निघाले, तेव्हापासून मला मेलीला स्वतःची लाज वाटतेय. कशाची, ते लिहायचा धीर होईपर्यंत आधी कामाचं लिहिते. तू हसशील. हिला काही टाळायचं असलं की ही काम काढते, हे तुला पाठच आहे.

आपलं ग्रिड सुधारलं रे. ठाण्याच्या लॅबमधले संगणक आणि तुझ्याकडचा लॅपटॉप मिळून खाडीच्या भरतीचं एकच मोठं गणित वाटून घेतात. पण लॅपटॉप होडीत नेला की मोबाइलची रेंज जायची आणि त्याच्या वाट्याचं सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. तू माझ्यावर वैतागायचास, मी तुझ्या होडीवर. तोडगा सुचला तो तुमच्या उंबऱ्यावर. चप्पल घालताना मी जाते म्हणाले आणि तुझ्या आईने मला तिथंच थांबवलं. जाते नाय बोलाचा, येते बोलाचा.

तेच मी लॅपटॉपला शिकवलं. बॅटरी उतरली किंवा रेंज डळमळली की झालेलं काम लॅबकडे पाठवायचं, येतो म्हणायचं आणि मगच गप्प व्हायचं. बाकीच्यांनी त्याचा उरलेला वाटा राखून ठेवायचा. गणित झपाझप सुटायला लागलं. सर खूश, आणि मी तर हवेतच होते.

मागच्या गुरुवारी लॅब बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर माझी फजिती झाली. तू होडीत निवांत होतास, तुला इकडचं दिसलं नाही. लॅपटॉप येतो म्हणाला, बॅटरी संपली आणि लॅबमधले सगळे संगणक त्याची वाट बघत ढिम्म बसून राहिले. न सांगता गेलेल्याचं काम ते लगेच दुसऱ्याला देतात. येतो म्हणालेल्यासाठी कुठवर थांबायचं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आपल्या घरांत तरी कोण सांगतं. काल मी तेवढी मर्यादा घातली. आता ते थोडं थांबतात, मग राहिलेला वाटा दुसऱ्याकडे देतात. झालेलं काम वाया जात नाही.

झालं कामाचं. आता रविवारचं. अण्णांना तुझ्याबद्दल सांगते आणि त्यांचा होकार घेऊनच येते, असं मी तुला कबूल केलं होतं. अण्णा बाप म्हणून काही वाईट नाहीत, दौलत. मी त्यांना विचारलंच नाही. जेवताना तोंड उघडलं आणि लोणचं मागितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तुमच्या घरी मी दोन वेळा वाढून घेते आणि माझ्या घरी तू अजून 'प्रोजेक्टमधला एक मुलगा' आहेस.

बंगलोरची नोकरी मी घेतली. शनिवारी निघतेय. परवा तुमच्या उंबऱ्यावर उभी होते तेव्हा तिकीट पर्समध्येच होतं. आई रविवारच्या बोंबलांचं सांगत होत्या, तू मागे उभा होतास, आणि मी सवयीने येते म्हणाले. लॅपटॉपला निदान खरंच परत यायचं असतं. रविवारी माझा वाटा राखून ठेवू नका. आईंना तूच सांग, माझ्यात तेवढीही हिंमत नाही. खाली 'तुझीच' लिहायला हात धजत नाही, म्हणून परवा उंबऱ्यावर जे म्हणायला हवं होतं तेवढंच लिहिते.

जाते.
नीला