खिडकी, दार, फट

३ फेब्रुवारी १९८६, मोहोपाडा

कॉलनीतला क्वार्टर मिळाला. दोन खोल्या, पुढे तगर, मागच्या खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या. कुलपाची किल्ली पहिल्यांदाच माझ्या एकटीची. बाबांनी नेरळहून सामान टेंपोने आणले, बाबासाहेबांची तसबीर स्वतः टांगली आणि ती सरळ आहे ना हे तीनदा विचारले. आज बरे वाटते आहे.

कारखान्यातल्या माझ्या वरिष्ठांनी, करमरकर साहेबांनी, कॉम्प्युटर घरीच दिला आहे. कीबोर्डाएवढी पेटी. ती टीव्हीला जोडायची आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. तो प्रोग्रॅम माझ्या आधी या जागेवर असलेल्या हिरामण ओव्हाळांनी याच क्वार्टरमध्ये लिहिला. इथली रीत अशी की कारखान्यातून गॅस सुटल्याचा लांब भोंगा झाला की खिडकी लावायची, दार लावायचे, फटीत ओले फडके कोंबायचे आणि गप्प बसायचे. ओव्हाळांचे म्हणणे होते, बसू नका, वाऱ्याला आडवे निघा. वारा कसा आहे ते टाइप केले की कुठे निघायचे ते प्रोग्रॅम सांगतो. सतरा तारखेला साहेबांसमोर तो चालला तर नोकरी कायम. नाहीतर क्वार्टर सोडायचा.

६ फेब्रुवारी

चढत नाही. टेप किंचाळते, पडद्यावर पट्टे येतात, मग चूक दाखवतो. टेपचे हेड स्पिरिटने पुसले, आवाज कमीजास्त केला, दुसरी वायर लावली. शेजारच्या शैलाताईंनी भिंतीपलीकडून विचारले, मांजर कापतेस का गं. भांडी घासणाऱ्या गंगाबाई म्हणाल्या, "ओव्हाळसायबाचा बी असाच कोकलायचा. ताई, त्याला काय तरी खायला घाला."

९ फेब्रुवारी

चढला. पण वाऱ्याऐवजी पडद्यावर रोमन अक्षरांत प्रश्न आला: खिडकी? १ उघडी, ० बंद. उघडी होती. १ दिले. अडकला. पुन्हा चढवून ० दिले. अडकला. खिडकी खरोखर लावली आणि ० दिले. पुढे गेला.

सगळा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. हा प्रश्न त्यात नाही.

११ फेब्रुवारी

पुन्हा तपासले. खोटे ० चालत नाही. आज पुढचा प्रश्न आला: दार? लावले. मग: फट? ओले फडके कोंबले. प्रत्येक वेळी पुढे गेला. कारण सापडत नाही. पद्धत सापडली आहे.

भोंगा झालेला नाही.

१३ फेब्रुवारी

ओव्हाळांची बदली झाली, असे मला कार्यालयात सांगितले होते. गंगाबाई म्हणाल्या, ते इथेच गेले. भोंगा नव्हता, गॅस सुटला नव्हता. दार फोडले तेव्हा ते टीव्हीसमोर बसलेले होते आणि फटीत फडके होते. "गाल फुगलेले, ताई. इहिरीत बुडी मारनाऱ्या पोरावानी." डॉक्टरांनी हृदय बंद पडले असे लिहिले.

नोंदवून ठेवते. प्रोग्रॅमशी संबंध सिद्ध झालेला नाही.

१५ फेब्रुवारी

खिडकी, दार, फट. वाऱ्याची माहिती घेतली. उत्तर लिहायला लागला, आणि थांबला.

नवा प्रश्न.

श्वास?

१ दिले. अडकला.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्या साहेब येणार. बाबाही येणार आहेत, पेढे घेऊन.

श्वास रोखून ० दिले. पुढे सरकला. सोडला, थांबला. पुन्हा रोखला, सरकला. पाच वेळा तेच. चूक माझ्या मोजण्यात नाही —

खोली उबट झाली आहे. खिडकी उघडली तर पहिल्यापासून सगळे —

गंगाबाई दारावर थापा मारताहेत. "ताई, दार उघडा. ताई, ऐकता ना?" ऐकते आहे. बोलायला श्वास सोडावा लागेल.

दिशेचे पहिले अक्षर आले. दुसरे अर्धे. अजून थोडा वेळ रोखला तर