पंपाचा तास

सोमवार, दि. १२, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल. भाचीला सातवा लागला ना? तिला उगाच जिना चढू देऊ नकोस. आणि भावोजींना सांग, चष्मा डोक्यावरच असतो, घर डोक्यावर घेऊ नका.

शनिवारी फोनवर सांगितलं तशी विहिरीची मोटार बंद ठेवली आहेस ना? तू हसलीस. "माझी वायर जुनी, तर तुझ्या का पोटात दुखतंय?" म्हणालीस. ताई, वायर धडधाकट आहे. मी खोटं बोललो. खरं सांगायला तोंड उघडेना, म्हणून हे पत्र. पाण्याचे कॅन घेऊन येणाऱ्याच्या हाती देतोय. आजपासून प्यायला, स्वयंपाकाला तेच पाणी घ्या.

अणुवीज केंद्र बंद होऊन पाडलं गेलं, तरी आमच्या कार्यालयाची देखरेख संपलेली नव्हती, हे तुला माहीत आहे. कुंपणाभोवती बारा तपासणीच्या बोअर आहेत. दर तीन महिन्यांनी मी त्यांचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेला पाठवायचो. तीन वर्षं सगळं स्वच्छ निघालं की जमीन मोकळी, कुंपण निघणार, आम्हीही निघणार. जमीन स्वच्छ असल्याच्या दाखल्यावर पहिली सही माझी. नऊ नंबरची बोअर तुझ्या परसदाराच्या भिंतीला लागून.

आता नियम ऐक. बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी तासभर पंपाने उपसून टाकायचं. मग जमिनीतून ताजं पाणी येतं, ते भरायचं. वरचं साचलेलं काहीच सांगत नाही.

नऊ नंबरला मी पंप लावलाच नाही. अकरा वेळा. वरचंच पाणी भरलं, कागदावर 'पंप एक तास' लिहिलं, आणि तो तास तुझ्या ओट्याशी स्टुलावर बसून काढला. आई गेल्यापासून 'जेवलास का रे' म्हणून विचारणारं तूच एक माणूस. बाकीच्या अकरा स्वच्छ निघतात, ही काय वेगळी निघणार, असं वाटायचं. पहिल्यांदा तो तास लिहिताना दोनदा इकडेतिकडे बघितलं. नंतर तेही बंद झालं.

गेल्या बुधवारी बाराव्या खेपेला कार्यालयात नवी आलेली मुलगी सोबत होती. मी म्हटलं, "चल, ताईकडे चहा घेऊ." तर म्हणते, "काका, तास होऊ दे, मग जाऊ." त्या दिवशी मी उशिरा आलो म्हणून तू फुगून बसली होतीस, आठवतं?

शुक्रवारी निकाल आला. पाण्यातला किरणोत्सर्ग मर्यादेच्या चौपट. आणि जमिनीचा उतार तुझ्या विहिरीकडे आहे.

साहेब म्हणाले, "अरे, नमुना पुन्हा घेऊ. मागचं कशाला उकरतोस? निवृत्तीला आठ महिने राहिलेत, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस." मी दोन दिवस गप्प बसलो, ताई. हेही लिहितो. वायरची थाप मारली आणि गप्प बसलो. आज सकाळी मात्र सगळं लेखी दिलं. दाखला थांबलाय, मला घरी बसवलंय.

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणतात, लगेच घाबरून जाण्यासारखं नाही, पण भाचीच्या डॉक्टरांना आजच्या आज सांगा. तुझ्या विहिरीत किती उतरलंय, अजून कोणालाच माहीत नाही. ती दोन महिने तुझ्याकडे आहे, आणि 'नळाच्या पाण्याला चव नाही' म्हणत तू तिला पेले भरभरून देतेस. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. दार उघडलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

उद्या दहाला तीच मुलगी तुझ्या विहिरीचा नमुना घ्यायला येईल. मला यायला मनाई आहे. गोड पोरगी आहे, तुला आवडेल, तू लगेच आत बोलावशील. तेवढं करू नकोस. तिचा तास पुरा होईपर्यंत तिला चहाला हाक मारू नकोस.

तुझाच,
धाकटा