चोवीस अंशांवरची रिंग

प्रिय प्रज्ञा,

आज सकाळी तुमच्या कंपनीनं रॉकेटची तारीख पुन्हा पुढं ढकलली. ही चौथी वेळ. पहिल्यांदा इंजिन आडवं आलं, दुसऱ्यांदा एक झडप, तिसऱ्यांदा समुद्रावरचं वादळ. या वेळी कारण मी आहे. म्हणून लिहिते आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, असं वाटलं. तुला आता कुणाकडूनच काही कळणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही.

आधीच सांगते, या पत्रात रडणं नाही. तू गेलीस त्या दिवशी देवगावला सगळे रडत होते. हैदराबादहून तुझी अख्खी टीम आली होती, तुझ्या घरापासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. मी एका बाजूला उभी राहून ती माणसं पाहत होते आणि माझ्या मनात आलं, माझ्यासाठी एवढे लोक येतील का? पाच दिवसांच्या तापानं गेलेल्या मैत्रिणीचा हेवा! असं कुणी करतं का? मी केला.

पण तो काही त्या दिवशी सुरू झाला नव्हता.

तुला आठवतं, रॉकेटच्या कंपनीची मुलाखत आपण तुझ्याच खोलीत, एकाच लॅपटॉपवर दिली होती? आधी मी, मग तू. कॉलेजात माझे गुण तुझ्यापेक्षा नेहमी जास्त. वाळूजच्या वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामाला आपण एकाच दिवशी लागलो, पण माझ्या रिपोर्टात कधी खाडाखोड नसायची. त्यांनी दोघींना एकच प्रश्न विचारला: प्रक्षेपणाची तारीख पाळता येणार नाही असं दिसलं, तर काय कराल? मी सात मिनिटं बोलले. कामांचा क्रम, अडणारी कामं, राखीव दिवस. एक वाक्य चुकलं नाही. मग तू बसलीस आणि हसलीस.

"सर, तारीख तर चुकणारच. आमच्या गावाला एसटी पण येळेवर येत नाय. पण येती. म्हणून तर लोक थांबतात."

पलीकडून तिघांच्या हसण्याचा आवाज आला. खाटेवर बसून मी ऐकत होते. मला तिथंच कळलं.

तुला राग नव्हता का गं येत, मी इतकी गप्प असायचे त्याचा? निवड झाली तेव्हा मी तुझं अभिनंदन केलं. हात मिळवला. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "रेणे, पुढच्या साली तुला पण ओढते बघ तिकडं." ते 'ओढते' मला आजही आवडत नाही.

नंतर दीड वर्ष तुझे फोटो येत राहिले. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मागं उभं केलेलं अर्धं रॉकेट. माझी आई फोन माझ्यासमोर धरायची. "बघ, प्रज्ञा कशी दिसतीय." मी बघायचे. रॉकेटचे जोड बघायचे. तू काढलेलं दोन टाक्यांमधल्या जोडाचं ड्रॉइंग आमच्याकडं कामाला आलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी एकटी बसून त्यात चूक शोधली. तीन दिवस शोधली. सापडली नाही. इतकं स्वच्छ काम होतं ते! हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

आणि मग गेल्या मे महिन्यात तू त्याच जोडाची रिंग घ्यायला आलीस. ग्राहकाची इंजिनिअर म्हणून.

शेख चाचांनी तुझ्यासाठी घरून नान-खलियाचा डबा आणला होता. आपल्या दोघींना हातात मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून त्यांनीच शिकवलं. पाच वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते आहे. माझ्यासाठी कधी डबा आला नाही. "अरे, आपली पोरगी रॉकेटवाली झाली!" असं म्हणत त्यांनी तुला अख्ख्या शॉपमधून फिरवलं. मी मागून चालत होते, तुझी बॅग घेऊन. बॅग मीच मागितली होती, हे खरं. तरी.

रिंग मशीनवरून उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाहेर बेचाळीस, शॉपमध्ये अडतीस. अॅल्युमिनियम तापलं की फुगतं, म्हणून भाग रात्रभर वीस अंशांच्या थंड खोलीत ठेवायचा आणि सकाळी मोजायचा, हा आपला नियम. चाचा म्हणायचे, "उन्हातून आलेल्या पाहुण्याला कुणी दारातच कामाचं विचारतं का? पहिले बसव, पाणी दे." पण तुला संध्याकाळची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी तिकडं जोडणी होती, आणि तारखेचा पहिला वायदा अजून जिवंत होता. तुझा फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता.

थंड खोलीत जेमतेम दोन तास झाले होते. पाच वाजता तू रिंगवर तळहात ठेवलास.

"थंड झालीय. रेणे, हो ना?"

माझ्या एप्रनच्या खिशात तापमापक होता. तू फोनवर असताना मी तो रिंगला लावून पाहिला होता. चोवीस. वीस नव्हे, चोवीस. मी ते माझ्या वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मी म्हणाले, "तू ग्राहक आहेस. तू ठरव."

एवढंच. यात खोटं काहीच नाही, बघ. एकही शब्द खोटा नाही.

तू मोजणीचं यंत्र सुरू करायला सांगितलंस. त्याच्या टोकावरचा लाल मणी रिंगला चहूबाजूंनी शिवून गेला आणि माप आलं, खालच्या मर्यादेच्या बारा मायक्रॉन वर. पास! तू टाळी दिलीस. मग रिपोर्टात 'भागाचे तापमान' या रकान्यात भिंतीवरचा आकडा पाहून 'वीस' लिहिलंस. भिंतीवर खोलीचं तापमान असतं, प्रज्ञा. रिंगचं नाही. पहिल्या महिन्यात शिकणारी मुलं ही चूक करतात. तू घाईत केलीस, आणि मी तुझ्या खांद्यावरून पाहत उभी राहिले. सही केलीस. मी पेनचं टोपण उचलून दिलं.

तेव्हा मला काय वाटत होतं, ते लिहायचंच ठरवलं आहे, म्हणून लिहिते. मला बरं वाटत होतं. वाटलं, जाऊ दे घेऊन. तिकडं पोहोचल्यावर कुणीतरी पुन्हा मोजेल, तुझी चूक निघेल, तुला परत इथं यावं लागेल आणि मग मी शांतपणे वही उघडून दाखवेन: चोवीस. तो प्रसंग मी मनात कितीदा रंगवला म्हणून सांगू! मी त्यात कधी ओरडत नाही. फक्त पान उघडते.

कुणीच मोजली नाही. तुझी सही होती ना. तुझ्या सहीवर सगळ्यांचा विश्वास. पाण्याच्या दाबाच्या साध्या चाचणीत ती तगलीही. आणि भादव्यात तू गेलीस.

आता मी वही कुणाला दाखवू? जिवंत प्रज्ञाची चूक काढणं वेगळं, गेलेल्या प्रज्ञाची वेगळं. लोक काय म्हणतील? तिच्यावर जळत होती, मेल्यावरही सोडलं नाही. आणि लोक बरोबरच म्हणतील! म्हणून मी गप्प राहिले. प्रत्येक वेळी तारीख पुढं गेली की सुटल्यासारखं वाटायचं.

तुझी आई मात्र दर वेळी फोन करायची. "रेणुका, आता कवा उडणार गं? जीपवाला इचारतोय. अकरा जण तयार हायेत बघायला यायला." मी तारीख सांगायचे. त्या बिचाऱ्या पुन्हा सगळ्यांना कळवायच्या.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला एक फोटो पाठवला. तुमच्या टीमनं रॉकेटवर जाड काळ्या पेनानं तुझं नाव लिहिलं आहे. मराठीत. 'ज्ञ' जरा वाकडा आहे, कुणी तेलुगू मुलानं काढला असेल. मी फोटो मोठा करून पाहिला. नाव अगदी जोडावर आहे. त्याच रिंगच्या वर.

मी कागद घेतला. चार अंशांचा फरक, चारशे मिलिमीटरचा व्यास: सदतीस मायक्रॉन. म्हणजे रिंग मर्यादेच्या पंचवीस मायक्रॉन खाली. माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. पण त्या जोडात उणे एकशे ऐंशीचा द्रव ऑक्सिजन भरणार, तिथलं सील आखडणार, आणि ही एवढीशी फट पुरेशी. रॉकेट गळलं असतं तर पहिला फोटो कशाचा छापून आला असता? त्या नावाचा.

गुरुवारी मी तुमच्या कंपनीला मेल लिहिला. सात ओळी. रिंगचा क्रमांक, वेळ, तापमान, अपेक्षित फरक. सातवी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला: 'हे तापमान मला मोजणीच्या आधीच माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही.' वहीच्या पानाचा फोटो जोडला.

मेलची प्रत चाचांना गेली. ते टेबलाशी येऊन उभे राहिले. "रेणुका बेटी, नऊ महिने मुँह में दही जमा के बैठी थी क्या?" ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी पण तिथंच होतो ना. तिला खिलवण्यात गुंग होतो." दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारी तुमच्या टीममधल्या एका मुलीचा फोन आला. मी शिव्या ऐकायला तयार होते. ती म्हणाली, "प्रज्ञा असती तर आधी कपाळावर हात मारून हसली असती, मग म्हणाली असती, चला, काढा रिंग." आणि ती रडायलाच लागली. पाहिलंस? चूक तुझी निघाली, रॉकेट उघडावं लागलं, अनेकांची झोप उडाली, आणि तरी लाडकी तूच! मी बरोबर होते, आणि माझ्याशी कुणाला दोन शब्द जास्त बोलावेसे वाटले नाहीत. हेच, हेच मला तुझ्याबद्दल कधी सहन झालं नाही.

रविवारी एसटीनं देवगावला गेले. तारीख कंपनीकडून कळण्याआधी तुझ्या आईला मी सांगायचं, असं ठरवलं होतं. त्या ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तापमान, रिंग, रकाना, वही.

त्यांनी सोलणं थांबवलं नाही. "म्हंजी माझ्या पोरीचं चुकलं."

"हो, काकू."

"आन् तुला तवाच माहीत व्हतं."

"हो."

"मंग काऊन नाय बोललीस?"

सांगण्यासारखी बरीच उत्तरं होती. ग्राहकाचा निर्णय. नियम. मी म्हणाले, "मला तिचा हेवा वाटायचा. तिचं चुकावं, असं वाटत होतं."

त्यांनी आणखी मूठभर घाटे सोलले. मी मनात म्हटलं, आता मला जायला सांगतील, आणि ते योग्यच असेल.

"तसंच उडलं असतं, तर?" त्यांनी विचारलं.

"कदाचित काही झालं नसतं. कदाचित पेटलं असतं."

"तिचं नाव हाय त्याच्यावर."

"म्हणूनच सांगितलं."

"तिकडं लिहून दिलंस, त्याच्यात तिची एकटीचीच चूक लिहिली का तुझी बी?"

"दोघींची."

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. ती मी मागितलीही नव्हती. मग त्यांनी सुपातले मूठभर घाटे माझ्यापुढं सरकवले. "बस. सोल. आन् त्या जीपवाल्याला तूच फोन लाव. मला नाय आता सांगवत त्याला."

मी लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं रॉकेट हाय का लग्नाचा मुहूर्त? ठरतं आन् मोडतं!" मी तुझ्या आईला ते सांगितलं. त्या हसल्या, आणि तशाच डोळे पुसायला लागल्या. मी सोलत राहिले.

आज सकाळी मोजणी आली. दोन दिवस थंड खोलीत ठेवून, तिघांनी वेगवेगळी मोजून: मर्यादेच्या सत्तावीस मायक्रॉन खाली. माझं उत्तर दोननं चुकलं, पण दिशा बरोबर होती. खोटं कशाला बोलू, एक क्षण आनंद झाला. मग लक्षात आलं की हा आकडा मला जिला दाखवायचा होता, ती नाही. तुला चिडवायचं होतं गं मला. तुझं 'हात्तिच्या!' ऐकायचं होतं.

त्यांनी नवी रिंग आमच्याकडंच करायला दिली आहे. तपासणीला कोण, हे विचारताना चाचांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण कागद माझ्या टेबलावर ठेवला. ड्रॉइंग तेच आहे. त्यात बदलण्यासारखं कुणालाच काही सापडलं नाही. डिझाइनच्या चौकटीत अजून तुझं नाव आहे. तपासणीच्या चौकटीत माझं येईल. एका कागदावर आपण दोघी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून वचन देते. ती रिंग रात्रभर थंड खोलीत राहील, मग कुणाचीही गाडी सुटो. तापमान मी रिंगचं लिहीन, भिंतीवरचं नाही. जे दिसेल ते तिथंच, सगळ्यांसमोर, तोंडानं बोलेन. आणि माप जे येईल तेच लिहीन. एक मायक्रॉन तुझ्या बाजूनं नाही, आणि एक मायक्रॉन तुझ्या विरुद्ध नाही.

अजूनही तुझा हेवा करणारी,
रेणुका