सम आल्यावर टेप बंद करू नये

मी, श्रीमती वंदना राधेश्याम कंटुले, वय ६८ वर्षे, काम घरकाम, राहणार तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले, उजवा डोळा अंधुक झाला, पण कान पहिल्यासारखे आहेत आणि या कागदाचा संबंध जास्त करून कानांशीच आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारे गेले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला काही सांगायचं असेल, असं कोणाला वाटलंच नव्हतं.

कलम १. घर. माझे पती कै. राधेश्यामराव इथल्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या पश्चात हे घर माझ्या नावावर झालं. ते माझा मुलगा आदिनाथ यास मिळावे. तो पुण्याला असतो, घर विकणार हे मला माहीत आहे, खुशाल विकावे. फक्त 'आईचा जीव त्या बैठकीच्या खोलीत होता' असं त्याने गिऱ्हाइकाला सांगू नये. त्या खोलीत मी चहाचा ट्रे घेऊन जायचे आणि रिकामा ट्रे घेऊन परत यायचे.

कलम २. पाटल्या, मोहनमाळ व बँकेतील ठेव सुनेला मिळावी. तिने मला कधी उलट उत्तर दिलं नाही. कधी काही विचारलंही नाही.

कलम ३. तंबोरा. तो आता माझ्याकडे नाही, त्यामुळे तो मी कोणाला देऊ शकत नाही. लग्नात माहेरहून माझ्यासोबत आला होता. आदिनाथच्या जन्मानंतर यजमानांनी तो विकला आणि गाणं ऐकण्यासाठी पहिला टेपडेक आणला. "तुला तरी कुठं वेळ हाय आता," असं म्हणाले होते. वेळ नव्हता हे खरं होतं. तरी नोंद असावी म्हणून लिहिले.

कलम ४. यजमानांच्या टेपा, रेकॉर्डी, डेक आणि तिन्ही कपाटं 'स्वरसंगत श्रवण मंडळा'ला द्यावीत. फुलांची नक्षी असलेल्या सगळ्या कप-बश्याही मंडळालाच द्याव्यात. आता आपल्या आपण विसळाव्यात.

कलम ५. या कलमासाठीच मी वकिलाकडे गेले.

हे मंडळ दर रविवारी दुपारी आमच्या बैठकीत भरत असे. शेवटी एक टेप नाव झाकून लावायची आणि गायक कोण, घराणं कोणतं, राग कोणता, हे सगळ्यांनी ओळखायचं. त्याला दोन कडक नियम होते. जुनी टेप, मिळत असेल तर, ज्याच्यावर भरली त्याच मशीनवर वाजवायची; दुसऱ्या मशीनवर तिचा अस्सलपणा जातो म्हणे. आणि गाण्याची शेवटची सम आली की त्याच क्षणी बटन दाबून टेप बंद करायची. पुढच्या टाळ्या, खोकला, बोलणं ऐकून मैफल ओळखणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. बटन यजमान दाबायचे. त्या बटनाला दुसरं कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

माझा भाऊ पुंजाराम वारला तेव्हा त्याची पत्र्याची पेटी आमच्याकडे आली. तिच्यात त्याचा टेपरेकॉर्डर आणि बिननावाची एक कॅसेट होती. यजमानांनी ती आधी एकट्याने, कानाला हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकली. रविवारी ती मंडळापुढे लागली. मी स्वयंपाकघरात आलं किसत होते. पहिली ओळ सुरू झाली आणि माझा हात थांबला. ते माझं गाणं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी राजूरला गणपतीसमोर म्हटलेलं. बंदिश माझ्या गुरू गिरिजाबाई यांनी स्वतः बांधलेली, आणि ती त्यांनी माझ्याशिवाय कोणाला दिली नाही. श्वास कुठे घेतला, अंतऱ्यात कुठे शब्द निसटला आणि कसा सावरला, सगळं माझंच. आवाज मात्र पुरुषाचा येत होता.

कारण साधं होतं. पुंजारामचं मशीन वर्षानुवर्षं पेटीत पडून त्याचा रबरी पट्टा सैल झाला होता. टेप हळू फिरत होती, म्हणून आवाज जाड झाला होता आणि लय ओढली जात होती. पण नियम म्हणजे नियम. मंडळाचे अध्यक्ष श्री. सोमेश्वर आर्दड, बाजारपेठेतले कापडवाले, डोळे मिटून म्हणाले, "काय ठहराव हाय! असा ठहराव आता कुठंच ऐकायला भेटत न्हाई. साठी वलांडलेला गवई हाय, बराबर सांगतो." मग राग भीमपलास की धनाश्री यावर मंडळातले दोघं एकमेकांच्या अंगावर गेले.

मी ट्रे घेऊन गेले आणि म्हणाले, "हे मी गायलेलं आहे."

सोमेश्वरराव हसले. "वहिनी, पुरुषाचा आवाज हाय हो हा! तुमी चहा द्या जल्दी, मंग सांगा काय ते." मग सगळेच हसले. मी यजमानांकडे बघितलं. ते कापसाने मशीन पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "लहानपणी थोडंफार शिकल्ती ती. चाल वळखीची वाटली आसंल."

पुढे त्या गवयाला मंडळात 'अज्ञात बुवा' असं नाव पडलं. मोबाइलवरून गाणं गावोगाव गेलं, लोकांनी बुवांचं घराणं ठरवलं, एकाने तर त्यांचे गुरूही शोधून काढले. ठेवा शोधला म्हणून जालन्यात यजमानांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात ते म्हणाले, "ओळखायला कान लागतात." मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

तोवर मी मनाला समजावत होते की त्यांनी खरंच ओळखलं नसेल. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते जालन्याला दवाखान्यात राहिले, तेव्हा ती कॅसेट मी चांगल्या डेकवर लावली. माझा आवाज माझ्यासारखा आला. किती वर्षांनी! मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. गाणं संपलं, सम आली, बटन दाबायला कोणी नव्हतं आणि टेप पुढे चालू राहिली.

पुंजारामचा आवाज आला, "वंदे, काय गायलीस गं!"

मग यजमानांचा. "बास झालं तेवढं. घरी कळलं तर मला तोंड दाखवता येणार न्हाई. आजपासून हे बिलकुल बंद. समजलं का?"

मग माझा. "बरं."

मी बोललेला तेवढा एकच शब्द त्या टेपवर आहे. यजमानांनी टेप मंडळात आणण्याआधी शेवटपर्यंत ऐकली होती. म्हणजे त्यांनी मला ओळखलं होतं. चांगलंच ओळखलं होतं, आणि मशीन पुसत बसले होते. नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखू आला नाही, हे मी एक वेळ पोटात घातलं असतं. हे नाही घालता आलं.

मी नंतर कोणाला का बोलले नाही, असं आदिनाथ विचारील. एकदा बोलले होते. माझा गळा माझा आहे, याचा पुरावा घेऊन चहाच्या ट्रेसकट पुन्हा उभं राहणं मला जमलं नाही. यजमानांना जाऊन तीन वर्षं होत आली. राग गेलेला नाही. माणूस गेला की राग जातो असं लोक म्हणतात, तसं काही होत नाही.

गेल्या महिन्यात सोमेश्वरराव आले होते. "मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होऊन राह्यली, वहिनी. बुवांचं गाणं आपण मोठ्या परमानावर काढतोय. मूळ टेप मंडळाला द्या. सरांचं नाव राहील." मी त्यांना लाडू दिला.

सबब, सदर कॅसेट मंडळाला न देता माझ्या भावाची नात प्रांजली, राहणार कुंभार पिंपळगाव, हिला द्यावी. माझी माहेरच्या वाटणीची जमीनही तिलाच मिळावी. ती जालन्याला गाणं शिकते. चुकते, पण पुन्हा म्हणते. तिने ही टेप चांगल्या डेकवर, बरोबर गतीने भरून जगापुढे आणावी. नाव घालावे ते असे: 'वंदना, गिरिजाबाईंची शिष्या.' खाली-वर कोणाचे आडनाव नको, 'शोध' अमक्याचा असेही नको. गाण्याच्या पुढचे बोलणे कापू नये. माझ्या तेराव्याला मंडळातील सर्वांना बोलावून, आमच्याच बैठकीत बसवून ती अखेरपर्यंत ऐकवावी आणि बटनाजवळ प्रांजलीने स्वतः बसावे. माझा आवाज त्यांना ओळखू येणार नाही. यजमानांचा लगेच येईल.

प्रांजलीला एकच अट. गाणं बंद कर असं कोणी तिला सांगितलं, मग तो कितीही जवळचा असो, तर तिने "बरं" म्हणू नये. अशी अट कायद्यात टिकत नाही, असं वकील म्हणाले. तिने टिकवावी.

कलम ६. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, सही समोर झाली एवढंच त्याने सांगायचं असतं, हेही वकिलांनीच समजावलं. म्हणून दोन्ही साक्षीदार मी स्वतः निवडले आहेत. दोघांनाही कागद वाचण्याची मोकळीक दिली.

येणेप्रमाणे लिहिले ते मी वाचून पाहिले. माझे शब्द आहेत, कोणी घातलेले नाहीत.

ठिकाण: तीर्थपुरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) वंदना राधेश्याम कंटुले

साक्षीदार १: बायनाबाई खरात, शेजारीण. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला, पुरता ऐकला.

साक्षीदार २: (सही) सोमेश्वर आर्दड, अध्यक्ष, स्वरसंगत श्रवण मंडळ. मजकूर वाचला नाही, जरूर वाटली नाही. वहिनींना मी पंचवीस वर्षांपासून चांगला ओळखतो.