न आलेला फोड

कार्तिक वद्य द्वितीया, शके १७०९
शनिवार पेठ, पुणे

राजश्री हिंदुराव पाटील, मुक्काम सासुरवाडी, वाघोली, यांस श्रीनिवास कारकुनाचा नमस्कार. घरी सर्व क्षेम. आमच्या लेकीचे, आनंदीचे, लग्न ठरले. यंदा पेरू गोड निघाले, टोपलीभर धाडले आहेत. पत्र फेकून द्यावेसे वाटले तरी पेरू मुलांना द्या.

सहा वर्षांत तुम्हांस एक ओळ लिहिली नाही. त्याआधी दर हिवाळ्यात तुमच्या शेतातला हुरडा हक्काने खात होतो.

काल नव्या न्यायाधीशांनी तुमच्या धायरीच्या पाटीलकीचे प्रकरण पुन्हा उघडले. तुम्ही दिव्य केलेत, कढत तेलातून धातूचा तुकडा काढलात, हाताला पिशवी बांधून मोहोर केली, तिसऱ्या दिवशी फोड दिसला म्हणून तुम्ही खोटे ठरलात. न्यायाधीशांना त्यात लबाडीचा वास आला. "यात सामील कोण?" त्यांनी विचारले. मी कचेरीतले माझे तेव्हाचे वरिष्ठ, दिगंबरपंत, यांचे नाव सांगितले. पंत गेल्या वर्षी वारले, त्यांना आता कशाचे भय?

"आणखी कोणी?"

"कोणी नाही," म्हणालो.

घरी सुनीतीला हे ऐटीत सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पंत बोलले. लिहिले कोणी?"

मी लिहिले, हिंदुराव. पिशवी मीच सोडली. तुमचा हात स्वच्छ होता. पंच लांब बसले होते. पंत कानाशी म्हणाले, "लिहा, फोड दिसला." मी घुटमळलो. "आपणांस दिसत नाही, की नोकरी नको आहे?" फोड नाही म्हणून तुम्ही ओरडत होतात, मग माझ्याकडे पाहिलेत. मी दौतीत पाहिले.

कट रचणारा तेवढा सामील, अशी मी इतकी वर्षे स्वतःची समजूत घातली. पंतांचे नुसते बोलणे होते. तुमची पाटीलकी माझ्या अक्षराने गेली. मला फार लाज वाटते.

पंचमीला न्यायाधीश पुन्हा बसतील. खरे सांगितले तर माझी नोकरी जाईल, कदाचित आनंदीचे लग्नही मोडेल. सांगायचे ठरवले आहे, पण मी स्वतःला ओळखतो. तुम्ही याच. माझी जीभ उचलली नाही, तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेवा. अक्षर सारी कचेरी ओळखते.

तुमच्या स्वच्छ हाताचा साक्षीदार, आणि त्या लबाडीत सामील,
श्रीनिवास