पुढच्या दोन दातांतली फट

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नसल्यामुळे तूर्त सप्तांगच समज. उरलेलं एक अंग बरं झालं की पाठवतो.) तुझी कंबर कशी आहे? भावोजी अजून जिन्यात उभं राहून पेपर वाचतात का? भाचीच्या नव्या नोकरीबद्दल कळलं, आनंद झाला. तिला एवढंच सांग की पहिल्या दिवशी कोणत्या स्टुलावर बसायचं ते नीट बघून ठरव, कारण माणूस नोकरीत कुठे बसतो त्यावर त्याचं सगळं आयुष्य ठरतं. मी हे हवेत बोलत नाही. पुढचं वाच म्हणजे कळेल.

तुला माहीतच आहे, आमच्याकडे कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात, आमचा साचेवाला त्यावरून साचे ओततो, मी मेणात एकेक दात बसवतो आणि पॉलिशवाल्या बाई शेवटी त्यांना चकचकीत करतात. खिडकीखाली लांब टेबल आहे. मध्ये साचेवाला, त्याच्या डाव्या हाताला मी, आणि उजव्या हाताला प्लास्टरच्या गोण्या. सतरा वर्षं अशीच गेली. या सतरा वर्षांत मी त्या माणसाला काय सांगितलं नसेल! माझा गुडघा, घरमालक, तुझं आणि माझं ते आठ महिन्यांचं भांडण (त्यात चूक तुझी होती हे त्यालाही मान्य होतं), सगळं सगळं. तो मान हलवायचा, मध्येच ‘हं’ म्हणायचा. उगाच सल्ला नाही, की आपलंच घोडं पुढे दामटणं नाही. मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो की मैत्री असावी तर अशी, शब्दांची गरजच नाही.

चार महिन्यांपूर्वी मालकीणबाईंनी गोण्या हलवल्या आणि तिथे एक स्टूल ठेवून त्यावर एक नवा कारागीर आणून बसवला. वय बत्तीस, केस असे कुरळे की त्यात कंगवा गेला तर परत यायचा नाही. मी त्याला मनातल्या मनात कुरळ्या म्हणतो. (तोंडावर म्हणत नाही, कारण त्याला ते आवडेल.) या माणसाला एक वाईट खोड आहे. तो ‘कसे आहात?’ असं विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो! आठवडाभरात पॉलिशवाल्या बाई त्याला आपल्या सुनेचं कौतुक सांगायला लागल्या, जे आम्ही कोणी आजवर ऐकलं नव्हतं. तेही मी सोसलं असतं. पण एका दुपारी जेवताना साचेवाला माझ्याकडे पाठ करून त्याच्याशी बोलायला लागला. ‘हं’ नव्हे ताई, वाक्यं! पूर्ण, क्रियापदासकट वाक्यं! मग कुरळ्याकडूनच मला कळलं की साचेवाला रोज पहाटे उठून पोहायला जातो. त्याचे सकाळचे चपचपीत केस बघून सतरा वर्षं मी समजत होतो की या माणसाला तेल जरा जास्त लागतं.

मी जळलो. उगाच सोज्वळपणाचा आव आणत नाही, अंगाची लाही लाही झाली. लहानपणी तू शेजारच्या मुलीबरोबर पत्ते खेळायचीस आणि मला नुसते वाटायला बसवायचीस, तेव्हा झाली होती तशी.

त्यात भर म्हणजे संवाद सुधारण्याचा वर्ग. झालं असं की आमच्याकडून एका गृहस्थाची वरची कवळी आणि भलत्याच बाईंची खालची कवळी अशी जोडी एकाच डबीतून गेली. मालकीणबाई म्हणाल्या की तुम्ही लोक एकमेकांशी बोलत नाही, म्हणून असं होतं. त्यांनी एक शिकवणाऱ्या बाई बोलावल्या. त्यांनी जोड्या लावल्या. एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने लक्ष देऊन ऐकायचं आणि ऐकलेलं सगळ्यांसमोर सांगायचं. साचेवाला अर्थातच कुरळ्याच्या वाट्याला गेला. मला पॉलिशवाल्या बाई आल्या, आणि त्या आपलं कपडे धुण्याचं मशीन कसं बिघडलं ते सांगत बसल्या. माझा एक कान त्यांच्याकडे होता, दुसरा पलीकडच्या जोडीकडे. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून खणखणीत आवाजात सांगितलं, ‘बाईंचं मशीन पहाटे उठून पोहायला जातं.’ शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की ऐकण्याच्या बाबतीत मला अजून बराच वाव आहे. कुरळ्याने मात्र साचेवाल्याची तीन मिनिटं अशी सांगितली की खुद्द साचेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून नियम झाला की डॉक्टरचा फोन आला तर निरोप पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचा आणि ज्याचं काम त्याच्या हातात द्यायचा. आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगताना माझं अक्षर जरा बिघडेल, सांभाळून घे. दुसऱ्याच आठवड्यात मी फोन उचलला. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी कुरळ्याकडे होती. डॉक्टरांचा निरोप असा की बाईंच्या पुढच्या दोन दातांत पहिल्यापासून फट होती, ती ठेवा, बुजवू नका. मी चिठ्ठीवर व्यवस्थित लिहिलं, तारीख घातली आणि चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात टाकली. विसरलो असं मी तुला सांगू शकलो असतो. पण विसरलो नाही. म्हटलं, जेवण झाल्यावर देऊ. जेवताना ते दोघं कशावर तरी हसले, काय ते मला कळलं नाही, आणि मी म्हटलं, आता कशाला? हा सगळ्यांना सगळं विचारतो ना, मग हेही विचारू दे. चिठ्ठी खिशातच राहिली.

दहा दिवसांनी मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. सरळ ताठ बाई, हातात पर्स, पर्समध्ये नवऱ्याबरोबरचा फोटो. (ते जाऊन तीन वर्षं झाली.) आरडाओरडा नाही की काही नाही. कुरळ्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, ‘हसू फार सुंदर केलंत तुम्ही. पण हे कोणाचं आहे?’ मग हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘घरातल्या फोटोतली मी आणि आरशातली मी एकमेकींना ओळखत नाही हो.’

ताई, मी मान खाली घालून एका दाढेला मेण लावत होतो. त्या दाढेला पुढे मेणाचा डोंगर झाला. वाटलं, आता हा म्हणेल की मला कोणी सांगितलं नाही. पण तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘चूक माझी आहे. जुना फोटो मी मागून घ्यायला हवा होता.’ म्हणजे चांगुलपणातही हाच पुढे! जळायला आता मला नवीन जागा उरली नव्हती. मालकीणबाईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. नोकरीत कायम करायचं की नाही ते त्याच शुक्रवारी ठरायचं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते ठरल्यासारखंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मला जेवण जाईना. कुरळ्या बँकेत गेला होता. मी साचेवाल्याजवळ सरकलो आणि सगळं सांगून टाकलं. फोन, चिठ्ठी, खिसा, जळफळाट, काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही. तो नेहमीसारखा मान हलवत राहिला. शेवटी ‘हं’ म्हणाला आणि आपल्या सफरचंदाची अर्धी फोड माझ्यापुढे केली. मला भरून आलं. केवढा हा मोठेपणा! एक शब्द नाही दोषाचा! मी ती फोड खाल्ली आणि त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदाच गाढ झोपलो. म्हटलं, आता पुढचं तो बघेल. जुना दोस्त आहे, योग्य ठिकाणी योग्य शब्द टाकेल. गुरुवार उजाडला, गुरुवार मावळला, कसला म्हणून शब्द पडला नाही.

शुक्रवारी सकाळी कुरळ्या आपली हत्यारं पुसून डब्यात ठेवत होता. कोणी त्याला जा म्हटलं नव्हतं, पण माणसाला कळतं. माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, ‘मी गेलो की तुम्ही माझं स्टूल घ्या. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही ना, तुम्ही उजवीकडे बसलात तर गप्पा मारायला बरं पडेल.’

मी विचारलं, ‘कोणाला?’

‘साचेवाल्यांना. लहानपणापासून. तुम्हाला माहीत असेलच.’

ताई, माझ्या पायाखालची फरशी सरकली. सतरा वर्षं! माझा गुडघा, घरमालक, तुझं भांडण (म्हणजे त्याने तुला दोषी धरलंच नव्हतं, तेवढं समाधान तू घे), आणि परवाचा तो कबुलीजबाब, सगळं बहिऱ्या कानात! मी तसाच उठलो, टेबलाला वळसा घालून उजवीकडे गेलो आणि जे दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं फार अवघड असतं, कारण या वेळी समोरचा ऐकत होता. आणि शेजारी कुरळ्याही.

साचेवाल्याने हातातला साचा खाली ठेवला. ‘वाईट केलंस,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘आणि मीही केलं. पहिल्या वर्षी तुला सांगायचं राहून गेलं. मग तू इतका रंगून बोलायचास की मध्येच थांबवून, अरे मला काही कळत नाहीये, असं म्हणायची लाज वाटायला लागली. मग पाच वर्षं झाली. मग दहा.’

‘मग ते हं?’

‘तू थांबलास की म्हणायचो.’

 कुरळ्याचा चेहरा लाल झाला, त्याने हातातली पकड टेबलावर आपटली आणि तो बाहेर निघून गेला. (खरं सांगतो, त्याला रागावलेला बघून मला जरा हायसं वाटलं. तोपर्यंत तो माणूसच वाटत नव्हता.) पाव तासाने आला आणि एवढंच म्हणाला, ‘चिठ्ठी कुठे आहे?’ मी खिशातून काढून दिली. ती त्याने वाचली, घडी घातली आणि परत माझ्याच हातात ठेवली. ‘मालकीणबाईंना तुम्ही दाखवा.’

दाखवली. काय काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही, तुझी सवय असल्याने मला नवीन नव्हतं. शिक्षा म्हणून मला वर्षभर फोन उचलायची बंदी झाली. फोन वाजला की अख्खी खोली माझ्याकडे बघते आणि मी हात मांडीखाली घालून बसतो. कुरळ्या मात्र कायम झाला.

मग ती कवळी आम्ही दोघांनी मिळून नव्याने केली. फट ठेवणं म्हणजे दोन दात लांब बसवणं नव्हे. पहिल्यांदा ती इतकी जास्त झाली की बाई दात पडल्यासारख्या दिसल्या असत्या, दुसऱ्यांदा इतकी कमी की फट चुकून राहिल्यासारखी वाटली असती. तिसऱ्यांदा मी फोटोला भिंग लावून, डावा दात केसभर तिरका करून बसवला. कुरळ्या बघत होता. ‘हे मला जमलं नसतं,’ म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे तो पुन्हा म्हणेल. म्हणाला नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी कवळी घातली, आरशात बघितलं आणि ‘शाळा’ असा शब्द उच्चारला. ‘श’ला बारीक शिट्टी वाजली. मग त्या दोन्ही हातांनी कुरळ्याचा हात धरून कितीतरी वेळ त्याचे आभार मानत होत्या. फट कोणी बसवली ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मी दोनदा खोकलो, तर त्यांनी मला पाणी देववलं.

आता आम्ही आठवडा-आठवडा वाटून घेतलाय. एक आठवडा उजवीकडे मी, एक आठवडा तो. साचेवाला बोलतो, फार बोलतो. पोहण्याबद्दल ऐकून ऐकून मला आंघोळीचाही कंटाळा यायला लागला आहे. पण माझा आठवडा मी सोडत नाही.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (सगळ्यांत धाकटा म्हणून, स्वभावाने नव्हे) भाऊ.

ता. क. मालकीणबाई नवीन मशीन शिकायला एकाला तुझ्या गावी सहा आठवड्यांसाठी पाठवताहेत. ज्येष्ठ म्हणून खरं तर मी जायचो, पण कुरळ्याचं नाव निघालं. (नाव मीच सुचवलं. का, ते विचारू नकोस.) तुझी माडीवरची खोली रिकामी आहे, तिथे त्याला ठेवून घे. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २. खिडकीकडची गादी देऊ नकोस, ती माझी आहे. माझे लहानपणचे किस्से त्याला सांगू नकोस, आणि सांगितलेस तर मी जिंकलो तेवढेच. तो भांडी घासायला येईल, घासू देऊ नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तू मलाही घास म्हणशील. सहा आठवड्यांनी तो गेल्यावर तुला करमत नसेल, तर ते मला कळवू नकोस.

ता. क. ३. पत्र पोस्टाने पाठवत नाही, तोच घेऊन येतो आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा तो सामान घेऊन दारात उभा असणार. त्याला आधी आत घे, बसव, पाणी दे, आणि मग निवांत पत्र वाच. (हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.)